गुलाबकाकांची सिंगल बेल

भर मे महिन्यात, अकोल्यात, घरी आलेल्या माणसाला फ्रीजचं पाणी न देणारा एकच इसम माझ्या माहितीत आहे, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. जठारपेठेत राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी शेजारी विरजण मागायला गेले. सून वर्षा कणीक मळत होती. ती म्हणाली, "फ्रीजमधे आहे ताई, घ्या न." मी हात पुढे केला मात्र, आरोळी आली, "सिंगल बेल!"

फ्रीजशेजारी खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. "दार एकदाच उघडन," ते म्हणाले. "काय काय पाहिजे ते आधी ठरवून घ्या. पाणी पाह्यजे असंन तर माठ तिकडं आहे."

गुलाबकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण एसटी काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. थांबायचं असलं की सिंगल बेल, निघायचं असलं की डबल. गल्लीत नवं मूल दिसलं की त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून निकाल देतात, तिकीट फुल की हाफ. नोकरीत असताना त्यांच्या नजरेचा मोठा दरारा होता. एखादी आई शपथेवर सांगायची, पोराला अजून बारा पुरे व्हायचेत, हाफच लागतं. काका म्हणायचे, "मिसरूड फुटून राहिलं न बाई त्याले! काढा फुल." माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाकडे पाहून ते माझ्या कानात म्हणाले, "फुल आहे. देऊन टाका."

अशा माणसाचा नातू सोहम. मी राहायला यायच्या आधी तो पाचवीत होता आणि दुसरीतला वाटायचा. शाळेच्या रांगेत कायम पहिला, आणि त्या रांगेत दोन मिनिटं उभा राहील तर शपथ. काका त्याला कौतुकानं 'विनाथांबा' म्हणत. वर्षानं त्याला अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवलं. एडीएचडी निघालं, म्हणजे पोराचं लक्ष एका जागी ठरत नाही. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. महिन्याभरात सोहमनं एक अख्खं पान न उठता लिहिलं. ते पान वर्षानं अजून जपून ठेवलंय; मला दाखवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण गोळीनं भूक पळाली. डबा जसा जाई तसा परत येई. काका भडकले. "पोट्ट्याले ब्रेक लावता लावता वाढीलेबी ब्रेक लावला तुमी! बंद करा ते गोळी." चार दिवस घरात कोणी कोणाशी बोलेना. शेवटी डॉक्टरांनीच समजावलं. गोळीनं भूक कमी होते, वाढही थोडी मंदावू शकते, म्हणून उंची-वजन आपण मोजत राहू. पण तपासण्यांत दिसतंय की वाढीचं हार्मोनच याच्या अंगात कमी तयार होतं. त्यासाठी रोज संध्याकाळी एक इंजेक्शन. गोळी बंद करायची गरज नाही.

इंजेक्शन थंड ठेवायचं, हे ऐकून काकांना जणू पुन्हा नोकरी लागली. पहिल्याच उन्हाळ्यात लाइट दुपारभर गेली. आल्याबरोबर काकांनी 'लवकर गार व्हावं' म्हणून इंजेक्शन फ्रीजरमध्ये टाकलं. त्याचा बर्फ झाला. डॉक्टर म्हणाले, गोठलेलं औषध वापरायचं नाही, फेका. काका त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी खुर्ची फ्रीजशेजारी आली आणि फ्रीजच्या पोटात थर्मामीटर गेला. आता लाइट गेली की काका थर्मास घेऊन जनरेटर असलेल्या मेडिकलकडे निघतात, आणि भर रस्त्यात "पुढं सरका, पुढं सरका" करत गर्दी फोडतात.

सुई टोचायची पद्धतही त्यांचीच. सोहमनं "डबल बेल" म्हटल्याशिवाय वर्षानं टोचायचं नाही. पठ्ठ्या सिंगल बेलवर गाडी अर्धा-अर्धा तास उभी ठेवतो. पण एकदा डबल झाली की हूं की चूं करत नाही. गोळीचा असर संध्याकाळी उतरतो, भूक परतते, मग काका पाटोडी-भाकरीचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसतात. तो खातो आणि इकडे काकांचं तोंड हलतं.

परवा वर्षाला सुट्टी नव्हती. काका म्हणाले, "ताई, डॉक्टरचं इंग्रजी मले झेपत नाही, तुमी चला." गेले. डॉक्टरांनी सोहमला मोजलं, तक्ता पाहिला, म्हणाले, "हळू आहे, पण वाढतोय. दोन्ही औषधं चालू ठेवा." काकांनी तक्ता हातात घेतला, पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. मला वाटलं, नाराज झाले.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं एका सीटवर, काका खिडकीशी, मांडीवर नव्या इंजेक्शनांचा थर्मास. तरुण कंडक्टरनं आमच्याकडे एक नजर टाकली. काका ज्येष्ठ नागरिक, मी बाई, सोहम लहान. "तीन हाफ," म्हणून तो मशीनची बटणं दाबू लागला.

"सिंगल बेल!" काका गरजले. "पोट्ट्याचं फुल फाडा. बारा पुरे झाले त्याले."

कंडक्टर हसला. "आजोबा, दिसत नाही न तो बाराचा. मी इचारलं का तुमाले? बसू द्या."

"दिसत नाही म्हणूनच सांगून राहिलो," काका म्हणाले. "आहे तो बाराचा."

कंडक्टरनं फुल तिकीट काढून दिलं. ते सोहमच्या हातात देऊन काका माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला होता. "जिंदगीभर पोट्ट्याईच्या मायांसंगं भांडलो न मी, ताई. त्याईले हाफचं फुल करत गेलो. मले वाटे, एखादीचा तळतळाट लागला माह्या नातवाले."

"काका, ते हार्मोनचं आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"हाव, डॉक्टर बरोबरच असंन," ते म्हणाले. "पण आज बरं वाटलं."

दिवसभर फ्रीजशेजारी खुर्ची धरून बसणाऱ्या या माणसाच्या मनात हे इतकी वर्षं होतं, आणि आम्ही गल्लीभर त्याला हसत होतो. मला फार वाईट वाटलं.

सोहम मात्र तिकीट उलटसुलट करून पाहत होता. मग मान ताठ करून म्हणाला, "आजोबा, फुल एकटं माझंच आहे न? मग खिडकी माझी."

खिडकीची जागा काका बापालाही सोडत नाहीत. ते उठले, थर्मास बगलेत मारला आणि हसत हसत अलीकडे सरकले.

"बस, बाप्पा," ते म्हणाले. "डबल बेल."