लंडनचं इंग्रजी

छापखान्याच्या हेडक्लार्कला सगळे लंडन म्हणत. रेडिओ ऐकून ऐकून त्याने इंग्रजी असं घोटलं होतं, की तो फोनवर बोलू लागला की खिळे जुळवणारे हात थबकत. प्रूफं तपासणाऱ्या ताईंना इंग्रजी वाचता येई, बोलायचं म्हटलं की दातखीळ बसे. त्या तर चष्मा काढून, देवळात उभ्या राहिल्यासारख्या ऐकत.

म्हणून नवं यंत्र अडलं आणि परदेशातून तज्ज्ञ आला, तेव्हा मालकांनी लंडनलाच पुढे केलं. मालकांना इंग्रजीचा गंध नव्हता. "आज यंत्र चाललं तर मॅनेजर तू. नाहीतर बस पाकिटं चिकटवत!"

पाहुणा अस्सल इंग्रज, पण दूर डोंगराकडचा. लंडनने रेडिओच्या थाटात त्याचं स्वागत केलं. पाहुण्याने तोंड उघडलं आणि दगडांची गाडी उतारावरून सुटावी तसे शब्द गडगडत आले. लंडनचा चेहराच उतरला.

"काय म्हणतोय रे?"

"तांत्रिक आहे, मालक. तुम्हाला नाही कळायचं." मग पाहुण्याकडे ऐटीत होकाराची मान झुकवून, "क्वाइट सो!"

पाहुण्याने एक झाकण काढलं. दुसऱ्यावर बोट ठेवून पुन्हा गडगडला. "क्वाइट सो!" तेही निघालं. हेही खोलू का, असं तो विचारतोय, हे ताईंना दिसत होतं, पण दातखीळ! आणि लंडनला सांगणाऱ्या आपण कोण? जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खं यंत्र जमिनीवर आलं.

"अरे, हा दुरुस्त करतोय की भंगारात काढतोय?" मालक ओरडले.

शेवटी मिस्त्रीकाका सरसावले. इंग्रजी शब्द उणेपुरे पाच. "साहेब, नो. धिस गुड. दॅट बॅड." पाहुणा खुललाच! दोघांनी शेजारी शेजारी फतकल मारली. संध्याकाळी यंत्र धडधडू लागलं.

"उद्यापासून पाकिटं," मालक लंडनला म्हणाले.

जाताना पाहुणा ताईंच्या हाती चिठ्ठी देऊन गेला. ताईंनी ती मनात वाचली. 'तुमचे गृहस्थ इतकं राजेशाही बोलतात, की मला अक्षरही समजलं नाही. असं इंग्रजी मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या गावंढळ उच्चारांपायी शाळेत छड्या खाल्ल्यात. पुन्हा विचारायची लाज वाटली.'

समोर लंडन खाली मान घालून उभा होता.

"काय लिहिलंय, ताई?" मालकांनी विचारलं.

"असं इंग्रजी जन्मात ऐकलं नव्हतं, म्हणतात."

मालक हरखले. "म्हणजे साहेबालाच लाजवलंस की रे, मॅनेजर!"

"हो," ताई चिठ्ठीची घडी घालत म्हणाल्या, "तेही लिहिलंय."