भेंडीची बहीण

किसनकाका झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतात आणि मग झाडाला विचारतात, "कवापासून हाय?" झाड अर्थातच काही बोलत नाही. काका तेवढा वेळ थांबतात. मग पान उलटं करतात, चष्मा काढून त्याची काच भिंगासारखी पानावर धरतात आणि स्वतःच सांगतात, "चार दिस झाले म्हणतंय."

कुवेतमध्ये, हवल्लीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांचा हा दवाखाना होता. काका नांदेडकडचे, धंद्याने रंगारी. रंगाचे रिकामे डबे ते गच्चीवर आणत आणि प्रत्येकावर ब्रशने नंबर टाकत. पहिल्या चार डब्यांत अंबाडी, पुढच्या आठांत भेंडी. स्वतः खाली एका खोलीत पाच जणांबरोबर राहत. त्या पाचांची नावं ते सारखी चुकवत, पण सात नंबरच्या भेंडीला मागच्या वर्षी काय झालं होतं ते त्यांना तारीखवार आठवे.

मला असं कोणावर लिहायची सवय नाही. मी परभणीला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते, दुसरं वर्ष, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा इथे एका दुकानाची गाडी चालवतात. दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी व्हिजिट व्हिसावर त्यांच्याकडे आलो होतो. माझा विषय कळल्यापासून काका मला डाक्टरीणबाई म्हणू लागले. ऐकलं मात्र माझं एकदाही नाही. मी काही सांगितलं की विचारायचे, "तुज्या पुस्तकातला उन्हाळा तिकडचा का इथला?" 

माणसांचंही ते असंच निदान करत. बाबांचे केस पांढरे व्हायला लागले, ती पानांवर येणारी भुरी. इमारतीचा मालक खोडकिडा, कारण बाहेरून काही दिसत नाही. मी म्हणजे लोह कमी पडलेलं रोप. "शिरा हिरव्या हायत, मधलं पिवळं पडलंय. भ्यायलीस कशाला एवढी?"

त्या आठवड्यात अंबाडीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आले. पिठ्या ढेकणाची कीड. काका कामावरून येऊन, साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक पान पुसत बसायचे. मीही मदतीला जायचे. ते पुसणंच नडलं.

अंबाडीचं पान आठवून पाहा. हाताच्या बोटांसारखं फाटलेलं, कडेला करवतीचे दात. आपल्याला त्यात भाजी आणि भाकरी दिसते. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, अबू सईद नावाचा इजिप्तचा माणूस होता. तो पाण्याची टाकी बघायला वर आला आणि एक माणूस ती पानं कापसाने, तान्ह्या मुलाला पुसावं तशी पुसतोय हे त्याने पाहिलं. इतक्या मायेने कोणी भाजी वाढवत नाही, असं त्याला वाटलं असावं. त्याने फोटो काढला आणि मालकाची कामं बघणाऱ्या मंदूबला पाठवला.

शुक्रवारी सकाळी 'हशीश' हा शब्द जिना उतरून आमच्या दारापर्यंत आला. बाबांचा चेहरा उतरला. इथे गांजाचा नुसता संशयही पुरतो. तपासणीत खरं काय ते निघेलही, पण तोवर माणूस कोठडीत, नोकरी गेलेली, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होऊन मायदेशी रवानगी. बाबा मला म्हणाले, वर जायचं नाही, आपलं नाव त्याच्या नावाबरोबर कुठंच यायला नको. एवढं बोलून ते गाडी घेऊन कामावर गेले. आईने मला दाराला आतून कडी घालायला लावली.

तासाभराने आईची नजर चुकवून मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर गेले. का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही.

मंदूब आलेला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, बोटं पोलिसांच्या नंबरापाशीच असावीत अशी. त्याला मोडकी हिंदी येत होती. त्याने माझ्याकडे बोट करून काकांना विचारलं, ही कोण. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मालूम नहीं. कपडे सुखाने आई होगी."

मला ते लागलं. आता कळतं की ते मला बाजूला काढत होते. तेव्हा मात्र आपण या गच्चीवरच्याच आहोत हे दाखवायची मला घाई झाली. मी बादली खाली ठेवली आणि जे माझ्याजवळ होतं ते दिलं. म्हटलं, सर, ही भाजी आहे, मी कॉलेजात शिकले आहे, हिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस.

मंदूबने फक्त शेवटचा शब्द ऐकला. "कॅनाबिस?"

"कॅनाबिनस," मी म्हटलं. 

त्याने शब्द फोनवर टाकला. पडद्यावर जे पान आलं ते चार नंबरच्या डब्यातल्या पानासारखंच होतं. अबू सईद एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं, आता मीच काकांना विमानात बसवलं.

काका उठले. साबणाच्या पाण्यात त्यांनी आधी हात धुतले. मग शेजारच्या डब्यातल्या भेंडीचं एक पान तोडलं, एक अंबाडीचं, आणि दोन्ही उलटी करून मंदूबच्या नाकासमोर धरली. दोन्हींवर तेच पांढरे पुंजके. काकांची अरबी कामावरची, दहा-वीस शब्दांची.

"हादी बामिया," ते म्हणाले. भेंडीला इथे बामिया म्हणतात. मग अंबाडी पुढे केली. "हादी उख्त बामिया. नफ्स मरद."

म्हणजे ही भेंडीची बहीण. दोघींना एकच दुखणं.

पिठ्या ढेकूण शंभर प्रकारच्या झाडांवर बसतो. तो बसला म्हणून झाडं बहिणी ठरत नाहीत. हे मला पुस्तकातल्या पान नंबरासकट माहीत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा शास्त्र गिळून गप्प उभी राहिले.

काकांनी अंबाडीचं एक पान पुसून तोंडात टाकलं, तिचंच दुसरं अबू सईदपुढे धरलं. त्याने मंदूबकडे पाहिलं, मग भीत भीत चावलं. आंबटपणाने त्याचा एक डोळा मिटला. तो पुन्हा चावू लागला, या वेळी हळू. "करकदे," तो पुटपुटला. त्यांच्या गावाकडे लाल सरबताचं जे झाड असतं, त्याची हीच चव, असं तो मंदूबला सांगू लागला. आईपासून शेतापर्यंत बरंच काही सांगत राहिला. मंदूबने स्वतः पान खाल्लं नाही, पण फोन खिशात ठेवला.

तरी कागद करावाच लागला. चारही डबे आजच काढायचे आणि असलं झाड पुन्हा लावणार नाही असं लिहून द्यायचं. इंग्रजी रकाने भरायला काकांनी मला खूण केली. नाव, खोली, काम लिहून झालं. पुढे होतं, कुवेतमधला नातेवाईक.

"रिकामं सोड," काका म्हणाले.

रिकामं चालणार नाही, असं मंदूबने सांगितलं. फोन करून खात्री करायची असते.

"बायको होती तवर तिचा नंबर देत होतो," काका मला हळूच म्हणाले. "गावाकडचा असला तरी चालवून घ्यायचे. ती गेली. नंबर अजून पाठ हाय. लावला की दुसरंच कोण तरी उचलतंय. आता तर त्यो माणूस माजा आवाज वळखतोय. रागवत नाही बिचारा."

मी बाबांचं नाव लिहिलं, लक्ष्मण. त्यांचा नंबर लिहिला. नात्याच्या रकान्यात भाऊ लिहिलं.

"खोड त्ये," काका म्हणाले. "तुज्या बापाची नोकरी हाय."

मंदूबने तोवर कागद ओढून घेतला होता. त्याने तिथेच नंबर लावला आणि आवाज मोठा केला. बाबांनी फोन उचलला. मागे रस्त्याचा आवाज येत होता. मंदूबने विचारलं, गच्चीवर झाडं लावणारा किसन तुझा भाऊ आहे का?

 गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला, मग इंजिन बंद झालं. मी बादलीची कडी घट्ट धरून उभी होते.

"हाँ जी," बाबा म्हणाले. "बडा भाई है मेरा."

मंदूबने सही घेतली आणि अबू सईदला घेऊन तो खाली गेला. काका चार नंबरच्या डब्याशी उकिडवे बसले. अंबाडी उपटायची होती, पण ते तिच्या बुडाशी माती नुसती चाचपत राहिले. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"लक्ष्मण खोटं बोलला," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान हाय."