कोसाडला या

आमच्या बोरसेनानांच्या खिशात कायम एक सर्किट असे. म्हणजे सर्किटचं चित्र, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. लोक देवाचा फोटो ठेवतात, नाना अँटेनाचं बूस्टर ठेवत. खाली सुवाच्य अक्षरात ‘डिझाइन : एस. बी. बोरसे’. कुणी टीव्हीचा विषय काढला की ते बाहेर आलंच म्हणून समजा.

उधन्याला आमचा केबल टीव्हीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा कारखाना. नाना तिथले डिझाइनर आणि मी स्टोअरकीपर. मी तांब्याची तार मोजून द्यायची आणि त्यांनी मला कंजूस म्हणायचं, असा आमचा स्नेह.

ते बूस्टर सहा वर्षांपूर्वीचं. सुमनवहिनींना मराठी नाटकं पाहायची होती आणि मुंबई केंद्र काही कोसाडच्या घरी दिसत नव्हतं. नानांनी बूस्टर जोडलं. वहिनी बूस्टरचा डबा घेऊन गच्चीवर गेल्या. नाना टीव्हीसमोर बसून ओरडत राहिले, “नाही! अजून नाही!” तासाभराने एकदाचं “आलं!” झालं, तेव्हा वहिनींनी डबा मेणाने बंद करून अँटेनाच्या खांबाला बांधला. त्या जाऊन चार वर्षं झाली होती. डबा चालूच होता आणि नानांनी तो उघडला नव्हता. “चालत्या मशीनला हात लावायचा नाही,” म्हणत. कारखान्यातल्या एकाही चालत्या मशीनला मात्र त्यांनी सुखाने जगू दिलं नाही.

पुढे शेठनी ठरवलं की सर्किट बनवण्याआधी कॉम्प्युटरवर तपासणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, नाना शनिवारपर्यंत पास करतील ते. “बोरसेभाई, तमे पास करो ए लइशुं. पण शनिवार सुधीमां, नहितर मारो भत्रीजो नक्की करशे.” या पुतण्याला कॉम्प्युटरवर पत्ते खेळता येत. त्याने निवडलेल्या सॉफ्टवेअरवर उरलेली नोकरी काढायची, या कल्पनेने नानांची जेवणावरची वासनाच उडाली.

परीक्षा एकच. खिशातलं सर्किट पुढे ठेवायचं.

पहिला विक्रेता हसला. “सर, यह तो चलेगा ही नहीं।”

“चलता है. कोसाड आओ.”

तो आला नाही. दुसऱ्याचंही उत्तर तेच आलं, पण नानांचा चेहरा पाहून त्याने आकडे असे फिरवले की सर्किट धावायला लागलं. “खुशमस्कऱ्या आहे,” नाना म्हणाले आणि त्याला चहाही न देता वाटेला लावलं.

शनिवारी वडोदऱ्याहून देसाईबेन आल्या. त्यांचा प्रोग्राम दिसायला अगदीच ओबडधोबड, पण त्याने एक जादा प्रश्न विचारला : कॉइलच्या वेढ्यांमध्ये अंतर किती?

“अंतर नाही. चिकटून सात वेढे,” नाना ठणकावून म्हणाले.

“तो फिर नहीं चलेगा, अंकल।”

“कोसाड आओ!”

“चलिए,” म्हणून बाईंनी पर्स उचलली. सहा वर्षांत कुणी ‘चला’ म्हटलं नव्हतं.

आम्ही तिघं रिक्षाने कोसाडला गेलो. भर दुपारी गच्चीवर नाना बराच वेळ डबा हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी मेण खरवडलं. आत सात वेढे होतेच, पण प्रत्येक दोन वेढ्यांमध्ये एकेक लाल प्लास्टिकची टिकली खोचलेली. वहिनी घरी बसून साड्यांना लावायच्या, त्यातली. खालून नाना ओरडत होते तेव्हा वरती वहिनी वेढे फाकवत होत्या. चित्र आल्यावर हलू नये म्हणून मध्ये टिकल्या.

“मला वाटलं, अँटेना फिरवत होती,” नाना म्हणाले. मग आमच्याकडे न बघता, घरच्या अहिराणीत, “हाई काम तिनं शे.”

मला रडू आलं, ते मी उन्हावर ढकललं. देसाईबेननी अंतरं मोजली. कारखान्यात येऊन ती प्रोग्राममध्ये भरली, तर पडद्यावरची रेघ बरोबर मुंबई केंद्राच्या आकड्यावर जाऊन उभी राहिली. नानांनी पास केलं, शेठनी घेतलं.

सोमवारी नानांनी ब्लेडने खिशातलं प्लास्टिक कापलं. स्वतःचं नाव खोडून त्यांनी ‘डिझाइन : सुमन बोरसे’ असं लिहिलं. सामानाच्या यादीत भर घातली : लाल टिकल्या, सहा नग. आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मी स्टोअरकीपरच. विचारलं, “नाना, थोड्या जादा मागवून ठेवू?”

“मागवू नकोस,” ते म्हणाले. “तिच्या सहाच आहेत.”