ओट्यासमोरचा खांब

पिंप्राळ्यात घर बांधायला काढलं तेव्हा प्रज्ञाची मागणी एकच होती. ओट्याशी उभं राहिलं की अंगणात खेळणारा प्रशील दिसला पाहिजे. पोर चार वर्षांचं, आणि गेटबाहेर लगेच रिक्षांचा रस्ता. आर्किटेक्ट संघमित्रा मॅडमनी ओट्यासमोर चांगली रुंद खिडकी काढून दिली. खांब-सळयांचा हिशोब इंजिनिअर राजदीप सरांकडे होता.

पाया खणायच्या आधीच सासूबाईंनी, भागाबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"त्या दोन्हीसले एका जागे बलावू नको, माय. पोर देखाले तो तिना घर जायेल व्हता. तिनी नाही म्हणेल शे. बठ्ठ्या गल्लीले माहीत शे."

मॅडमना पाहायला गेलेल्या सरांना मॅडमनीच नकार दिला होता तर! प्रज्ञाला सरांची भारी दया आली. त्या दिवसापासून साईटवर मॅडम सकाळी, सर संध्याकाळी. मधले निरोप प्रज्ञाने न्यायचे आणि नेता नेता त्यातले काटे काढायचे.

"पोर्चला खिडकीसमोर खांब लागतोय," सर फोनवर म्हणाले. "नको असेल तर वरची तुळई जाड करून खांब टाळू. मॅडमना विचारून सांगा."

प्रज्ञा मॅडमना म्हणाली, "सरांना तुमची खिडकी फार आवडली. पोर्चला समोर एखादा खांब आला तर चालेल का, विचारत होते."

"खिडकीसमोर अजिबात नको हं! स्पष्ट सांगा त्यांना."

स्पष्ट! एकदा नकार पचवलेल्या माणसाला त्याच बाईचा दुसरा नकार कसा द्यायचा? प्रज्ञाने सरांना कळवलं, "मॅडम म्हणतात, खांब चालेल. फक्त खिडकीचं जरा बघा."

सरांनी बघितलं. स्लॅब पडला, फळ्या निघाल्या, आणि खांब खिडकीच्या बरोब्बर मधोमध उभा.

भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. "खिडकीमोरे खांब शे, का खांबमोरे खिडकी?"

आता दोघांना बोलावणं भागच होतं. प्रज्ञाने दोन खुर्च्या पोर्चच्या दोन टोकांना ठेवल्या. दोघं एकाच गाडीतून उतरले.

"राजदीप, हे काय केलंस?"

"तूच चालेल म्हणालीस ना? बघ, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडलीय."

"मी?"

मग दोघांनीही प्रज्ञाकडे पाहिलं.

"नाही म्हणजे... तुमचं ते... स्थळ..." प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं.

संघमित्रा मॅडम खुर्चीत बसून हसल्या. "अहो, त्याच पोह्यांवर ठरलं आमचं, लग्न नको, कामं मिळून करू! आताही शिंदखेड्याच्या साईटवरूनच आलोय. ह्याच्या बायकोने दिलेला डबा खाऊन."

"वहिनी, मला मॅडमशी बोला म्हटलं असतं तरी दोन मिनिटांत मिटलं असतं," सर हळहळले.

"आता काढता नाही येणार?"

"पोर्च त्याच्यावरच उभाय."

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी प्रज्ञाने पोळी तव्यावर टाकली आणि मान वर केली. अंगण रिकामं.

"प्रशील! कुठेयस?"

खांबामागून खुदखुद ऐकू आली. "आई, मी दिसतो?"

"नाही रे!"

"मग मी रोज इथेच खेळणार."

प्रज्ञा डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली. सरांनी दोन्ही बाजूंना खरंच अगदी सारखी जागा सोडली होती.