आट्यांची पंगत

पुंडलिक मिस्त्री रोज दुपारी दोनला वर्कशॉपमागच्या कडुनिंबाखाली बाजेवर आडवे होत, तोंडावर दुपट्टा ओढत आणि तासभर हलत नसत. श्वास संथ चाललेला, मधूनच बारीक घोरणं. तरी त्याला झोप म्हटलेलं त्यांना खपत नसे. कुणी तसं म्हटलं की दुपट्ट्याखालूनच उत्तर यायचं, "झोपून नाई राह्यलो बा. लाइन लावून राह्यलो."

लाइन म्हणजे कामांचा क्रम. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि बुलढाण्यात यंत्रयुग म्हणजे आमचं वर्कशॉप, अशी निदान आमची तरी समजूत होती. एक लेथ, एक ड्रिल, एक भट्टी, आणि लेथ-ड्रिलला छताखालच्या लांब दांड्यावरून पट्ट्यांनी फिरवणारं एकच ऑइल इंजिन. मी तिथे कारकून. मोठ्या शहरांतल्या कारखान्यांत म्हणे एकच वस्तू वर्षभर हजारांनी निघते. आमच्याकडे सकाळी उसाच्या चरकाचा रूळ यायचा, त्याच्यामागून पंपाचा शाफ्ट, मग पिठाच्या गिरणीचा बुश, मग कुणाच्या तरी सायकलचा आख. एकासारखं दुसरं नाही आणि लेथ एकच. तेव्हा आधी काय आणि मग काय, हे ठरवण्यातच निम्मं शहाणपण होतं. ते शहाणपण मिस्त्रींना डोळे मिटल्याशिवाय सुचत नसे.

माझं काम बाजेशेजारी तेलाच्या उपड्या डब्यावर बसायचं आणि दुपट्ट्याखालून जे येईल ते पेन्सिलीनं वहीत उतरवायचं. "मोताळ्याचा शाफ्ट... मंग त्याच्याच मापाचा दुसरा... मंग दोन बुश..." इंजिन बंद असायचं. ऊन पांढरं पडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कडुनिंबाचा फुलोरा वहीवर पडतोय. मलाही पेंग यायची. त्यांनी काय सांगितलं आणि मी काय स्वप्नात ऐकलं, याचा पुष्कळदा मलाच भरवसा नसायचा. एकदा सात नंबरला मी "कढी उतू चालली, खाली घे" असं लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत ते गिऱ्हाईक शोधत होतो. शेवटी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी वही घेतली, ओळ दोनदा वाचली आणि माझ्याच पेन्सिलीनं हळूच खोडली. "हे घरचं काम हाय," म्हणाले.

त्यांच्या लाइनीला एक कायदा होता. 'मी आधी आलो' हा हक्क त्यांना मान्य नव्हता. डोणगावचे एक पाटील दर उन्हाळ्यात पंपाचे नट-बोल्ट घेऊन येत आणि दर उन्हाळ्यात भांडत.

"मी पहाटं घरून निघालो. हा बुवा आत्ता आला. याचं आधी काऊन?"

"पाटील, लग्नाले तुम्ही सगळ्याइच्या आधी गेले तं तुमचं एकट्याचंच पान मांडतेत का?"

"नाई."

"मंग? पंगत बसू द्या. आज बुशाची पंगत हाय. आट्याची उद्या सकाळी. तुमचं पान तिच्यात."

यात खोड कमी आणि हिशोब जास्त होता. स्क्रूचे आटे कापायचे तर लेथची चाकं बदलावी लागतात, आणि त्या बदलाबदलीत अर्धी सकाळ जाते. म्हणून एकदा चाकं बसली की आट्यावाले सगळे एका पंगतीला. ते उठले की दुसरे. 'आट्यांची पंगत' हा शब्द गावभर झाला होता. नव्यानं बदलून आलेले एक मास्तर तर तो ऐकून आपल्या दोन मुलांना घेऊन जेवायलाच आले होते. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला आणि मुलांच्या हातात लेथवरून निघालेल्या लोखंडाच्या चकचकीत कुरळ्या पट्ट्या दिल्या.

पंगतीच्या आधी नैवेद्य. प्रत्येक पंगतीचा पहिला नग मिस्त्री नमुन्यादाखल करत. कॅलिपर लावून मोजत, मग अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवत, मग डोळे मिटून कानाजवळ नेऊन नट फिरवत. पसंत पडला तर पंगतीला वाढायचं. नाही पडला तर छिन्नी ठेवून घाव घालायचा, म्हणजे तो भंगारातून उचलून कुणी वापरूच शकणार नाही. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, चालला असता." मिस्त्री म्हणत, "चालला असता. पण मले नसता चालला." वर्कशॉपचे मालक कपाळावर हात मारत. पण आमच्याकडून गेलेला शाफ्ट परत आल्याचं मला आठवत नाही.

हे पंगतीचं शास्त्र मिस्त्री बायकोकडून शिकले होते आणि ते तसं मोकळेपणी सांगत. गंगाबाई लग्नकार्यातल्या स्वयंपाकीण. तीन चुलींवर पाचशे पानं उठवायच्या. "डाळ शिजते तवर दुसरी चूल उगी पेटती ठेवू नको, हे मले तिनं शिकवलं," ते म्हणत. एवढं बोलले की त्यांचं लक्ष कामावरून उडे. कारण गंगाबाई त्यांच्या घरी नव्हत्या. बारा वर्षं त्या धामणगाव बढ्याला भावाकडे राहत होत्या, आणि त्यामागचं कारण होतं बुंदीचा लाडू.

नात्यातलंच एक लग्न होतं. स्वयंपाक गंगाबाईंचा. मिस्त्री पंगतीत बसले, पानात लाडू पडला, आणि या माणसानं खिशातून कॅलिपर काढला. आपला लाडू मोजला. शेजाऱ्याचा मोजला. समोरच्याचाही मोजला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "हा दोन सूत मोठा हाय." पंगत खो खो हसली. पोरं लाडूंची अदलाबदल करू लागली. व्याह्यांनी आपलाही मोजून मागितला. पडद्याआड गंगाबाईंनी हे सगळं ऐकलं. त्यांनी शेवटची पंगत उठेपर्यंत चूल सोडली नाही, भांडी मोजून परत केली आणि सांजच्या मोटारीनं भावाबरोबर निघून गेल्या.

मिस्त्रींचं म्हणणं, "मी खोटं कोठी बोललो? दोन सूत होताच." गंगाबाईंनी तर म्हणणं असं काही मांडलंच नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, अशातली दोघांची गत. मिस्त्री रात्रंदिवस खिचडी खात राहिले. अख्ख्या तालुक्याची कामं त्यांनी लाइनीत बसवली, पण बायको परत येईल का, निदान एक शब्द तरी बोलेल का, हे एक काम त्यांना कुठल्याच पंगतीला बसवता आलं नव्हतं. ते आम्ही सगळेच जाणून होतो आणि विचारायची छाती कुणाची नव्हती.

त्या वर्षी वैशाखात, ऐन पंपांच्या गर्दीत, एका मंगळवारी गंगाबाईंचे भाऊ श्रीराम वर्कशॉपात आले. त्यांनी गोणपाटाच्या पिशवीतून कुरडया पाडायचा जाडजूड पितळी साचा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या स्क्रूचे आटे पार झिजले होते.

मिस्त्री साच्याकडे पाहत राहिले. "तिनं पाठवला?"

"हाव. म्हणे आटे गेले, बुलढाण्याले दाखवून आण."

"बुलढाण्याले म्हणे?"

"बुलढाण्याले."

"अथी आणखी दोन वर्कशॉपं हायेत, श्रीराम."

"ते तिले माहीत हाय," श्रीराम म्हणाले.

मिस्त्री त्या दुपारी बाजेवर गेले नाहीत. लेथवर पंपांच्या बुशांची पंगत अर्धी झाली होती. ती त्यांनी थांबवली आणि चाकं उतरवली. साच्याचा आटा चौकोनी, जुन्या मापाचा, आमच्या कुठल्याच कामाशी न जुळणारा. म्हणजे एका पानासाठी सगळी चूल नव्यानं मांडायची. डोणगावचे पाटील या खेपेला बुश घेऊन नेमके तिथेच होते. "मिस्त्री, भरल्या पानावरून उठवता का आम्हाले?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी ऐकलंच नाही. त्यांनी एक स्क्रू केला आणि छिन्नीनं फोडला. दुसरा केला, फोडला. तिसऱ्याच्या वेळी पाटीलच मला हळूच म्हणाले, "होऊ द्या बा. माह्यं राहू द्या परवावर." चौथा स्क्रू मिस्त्रींनी कितीतरी वेळ कानाशी फिरवला. बाहेर ऊन उतरलं होतं, इंजिन थांबलं होतं, आणि पितळेतून पोलाद फिरल्याचा बारीक, एकसुरी आवाज तेवढा येत होता. आम्ही सगळे उगीचच तो ऐकत उभे होतो.

साचा देताना ते श्रीरामांना म्हणाले, "तिले म्हणा, पाह्यून घे. काही कमी-जास्त असन तं सांग." इतरांची कामं तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी साचा परत आला. "फिरवाले जड जाते म्हणे," श्रीराम म्हणाले. मला वाटलं, मिस्त्रींचा चेहरा पडेल. पण ते "असं म्हणे?" म्हणाले आणि साचा दोन्ही हातांनी घेऊन आत गेले. त्याच्या पुढच्या मंगळवारी, "आता ढिला झाला म्हणे." त्याच्याही पुढच्या, "कुरकुर वाजते म्हणे."

एका दुपारी न राहवून मी तो साचा उचलून फिरवून पाहिला. एका बोटानं फिरत होता. ना जड, ना ढिला, ना आवाज.

"मिस्त्री, याच्यात काहीच खोट नाही."

"मले माहीत हाय," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

"तिले बी माहीत हाय." आणि ते दुपट्टा घेऊन कडुनिंबाखाली गेले.

पण वाळवणाचे दिवस काही वर्षभर पुरत नाहीत. आभाळ भरून यायला लागलं की कुरडया कोण घालतं, आणि कुरडया नाहीत तर साचा कशाला बिघडेल? मिस्त्री रोज मला तिथी विचारू लागले. ज्येष्ठ लागला. एक मंगळवार असा गेला की श्रीराम आले नाहीत. दुपारी मी पेन्सिल घेऊन डब्यावर बसलो. दुपट्ट्याखालून ना घोरणं आलं, ना एखादा शाफ्ट. तासाभरानं मिस्त्री उठले तेव्हा माझं पान कोरंच होतं आणि त्यांनी ते पाहिलंही नाही. त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली.

बुधवारी अकराच्या सुमाराला घाट चढून मोटार आली. थोड्या वेळानं वर्कशॉपच्या दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली, कडेवर गोणपाटाची पिशवी. मिस्त्री लेथवर होते. त्यांनी पट्टा सरकवला, लेथ थांबला. बाईंनी त्यांच्याकडे न पाहता पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"त्याइले सांगा, दुरुस्ती बरोबर नाई."

मी चार हातांवर उभ्या असलेल्या मिस्त्रींना सांगितलं, "दुरुस्ती बरोबर नाही म्हणतात."

"तिले विचारा, कोठी अडते."

"कुठे अडतं, असं विचारतायत."

"त्याइले म्हणा, हाती घेऊन पाह्यल्याबिगर कसं समजन?"

अस्सल वऱ्हाडी माणसांचं वऱ्हाडी बोलणं एकमेकांना समजावून सांगायची पाळी माझ्यावर आयुष्यात तेवढी एकदाच आली. मिस्त्री पुढे आले. त्यांनी साचा काढला आणि मूठ फिरवली. स्क्रू सरसर खाली गेला, सरसर वर आला. मी पाहिलं, दोघांनीही पाहिलं.

"मले चारच्या मोटारीनं जा लागते," गंगाबाई आता थेट त्यांना म्हणाल्या. "तवर होईन का?"

मिस्त्रींनी स्क्रू पुन्हा एकदा खाली-वर केला. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"चारपर्यंत नाई होत," ते म्हणाले. "लय काम हाय याच्यात."

"मले वाटलंच होतं," गंगाबाई म्हणाल्या, आणि बाहेर पायरीवर ठेवलेलं लुगड्यांचं बोचकं आत घेऊन आल्या.