भल्या बायकांच्या झऱ्यावरचं लग्न

मला कुणी विचारलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. शेजारच्या गारिफालियाच्या ओट्यावर तिची मुलगी पोलिक्सेनी आपल्या लग्नाचा बेत आईला समजावून सांगत होती, आणि मी आमच्या अंगणात सब्जाच्या कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्या कुंपणाला अगदी खेटून आहेत. (मीच ठेवल्यात. तिथे ऊन चांगलं लागतं. ऐकूही चांगलं येतं.)

"आई, लग्न उघड्यावर करायचं. ऐन जुलैत, झाडाखाली. सगळं पऱ्यांच्या राज्यासारखं! फांद्यांवर दिवे, नेच्याची पानं, मैत्रिणींना पंख..."

"पंख?" गारिफालियानं कॉफीचा कप खाली ठेवला.

"पंख. मलापण."

"आणि फोतिसला?" हा होणारा जावई. लारिसाचा, म्हणजे खालच्या सपाटीवरचा.

"त्याला नाहीत."

"ते एक बरं केलंस. लारिसाच्या माणसाला पंख दिले तर तो आमची चढण बघून उडत घरी जाईल."

"पण आई, तशी जागाच मिळत नाहीये गं!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पोरीचा चेहरा असा काही पडला होता, की माझ्या तोंडानं मला न विचारताच कुंपणावरून उडी मारली. "अगं, खालच्या झऱ्यावर कर की! चिनार आहे, पाणी आहे, बाजूला छोटं चर्च आहे. चर्चच्या अंगणातच लग्न लागतंय म्हटल्यावर पाद्रीबाबापण कुरकुर करणार नाहीत."

पोलिक्सेनीनं कुंपणावरूनच माझे मुके घेतले. मी तरंगत स्वयंपाकघरात आले, कांदा चिरायला घेतला आणि अर्ध्या कांद्यावर मला आठवलं, तो झरा कुणाचा आहे ते.

त्यांचं नाव आमच्या गावात कुणी घेत नाही. 'भल्या बायका' म्हणायचं आणि तीनदा थुंकायचं. (भल्या म्हणायचं ते त्यांना राग येऊ नये म्हणून.) पांढरे कपडे, मोकळे केस, पाय मात्र खुरांचे. ऐन उन्हाळ्यात भर दुपारी पाण्यावर येतात. गोड आवाजात तुमच्या नावानं हाक मारतात. ओ दिलीत की संपलं, आवाज त्यांचा झाला. माझी चुलत आजी आसिमो त्याच झऱ्यावर 'ओ' म्हणाली आणि पुढं जन्मभर हातवारे करत जगली. दिसल्याच कधी, तर सूर्य बुडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, हा एकच उपाय.

आणि अशा जागी आम्ही पंख लावलेल्या पाच पोरी नाचवणार! म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्यालाच वाकुल्या दाखवण्यासारखं.

"अपोस्तोलिस, मी काय करून बसले रे?" मी नवऱ्याला म्हटलं.

"दरवेळी जे करतेस तेच," तो पेपरातून म्हणाला. त्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी गारिफालियाच घरी आली. ओठ पांढरे पडलेले. "स्तामातीआ, त्या झऱ्याचं... तुला ठाऊक आहे ना?"

आता जागा मी सुचवलेली. कुठल्या तोंडानं सांगू? "अगं, त्या जुन्या गोष्टी! मी येता-जाता बघते ना. काही नाही तिथे."

"मग तुझ्या भरवशावर हो म्हणते. पण तुझ्या तोंडून एकदा जरी 'गडबड आहे' आलं, तर लग्न वरच्या मोठ्या चर्चमध्ये. आणि पंख पेटीत."

तेव्हापासून रोज सकाळी झऱ्याकडे जायचे, लांबूनच बघायचे, येऊन सांगायचे, "सगळं छान." आणि उशीखाली लसूण ठेवून झोपायचे. (अपोस्तोलिस बाहेर झोपाळ्यावर झोपायला लागला.)

लग्नाचा दिवस उजाडला. सजावट संध्याकाळपर्यंत कुणी बघायची नाही, असा पोलिक्सेनीचा हुकूम. मी घरी लग्नाच्या बदामी बिस्किटांवर पिठीसाखर चाळत बसले होते. दुपार झाली. खिडक्या मिटल्या, गाव झोपलं. झाडांवरचे किरकिरे किडे तेवढे कोकलत होते. पण सगळ्या गावाआधी सजावट बघायला मिळतेय म्हटल्यावर मी घरात बसेन का? म्हटलं, पटकन एक नजर टाकायची आणि परत. भर दुपार आहे हे वाटेत लक्षात आलं. पण तेव्हा उतार होता. उतारावर मला थांबता येत नाही.

चिनाराच्या सावलीत त्या होत्या.

पांढऱ्याशुभ्र. केस मोकळे. पाण्यात हात घालून हसत होत्या. माझी नजर पायांकडे गेली. जाड, काळे, टॉक टॉक वाजणारे खूर! आणि मागे, झाडाच्या बुंध्याशी, एकटी उभी होती ती त्यांची मुख्य. रुंद. चेहरा पांढराफटक, डोळे बाहेर आलेले, तोंड वासलेलं. सरळ माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात एकीनं मान वळवली आणि गोड आवाजात हाक मारली, "स्तामातीआ मावशीऽऽ!"

मी दातांवर दात दाबले आणि पळाले. पन्नाशीची बाई, गुडघे हे असे, पण ती चढण मी शेळीसारखी चढले. एक चप्पल अजून वाटेतच कुठंतरी आहे.

गारिफालिया फाटकातच उभी. "काय गं, खाली सगळं छान ना?"

मी गप्प.

"स्तामातीआ?"

मी तोंडावर हात धरला.

"अगं, बोल की!" मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ही बोलत नाहीये... स्तामातीआ बोलत नाहीये! पळा रे, आवाज नेला हिचा!"

धडाधड खिडक्या उघडल्या. कुणी मला धुरी दिली, कुणी पाठीत बुक्की घातली. पाद्री लाम्ब्रोस झोपेतून उठून एका पायात मोजा घालून आले आणि माझ्यावर तीर्थ शिंपडलं. पिठीसाखरेचा चिकटा झाला, बाकी काही नाही. अपोस्तोलिसला कुणीतरी हलवून उठवलं. "तुझी बायको मघापासून गप्प आहे!"

"मघापासून?" तो खुर्चीत बसला. "म्हणजे सलग?"

त्यातच लारिसाची बस येऊन थांबली आणि फोतिसची आई फेव्रोनिया पंख्यानं वारा घेत उतरली. "लग्न आहे की मयत?"

"लग्न वर मोठ्या चर्चमध्ये!" गारिफालिया ओरडली. "झऱ्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही!"

तेव्हा पोलिक्सेनी धावत आली. पंख एका बाजूला लोंबत होते, काजळ गालांवर. "मावशी, मी हाक मारली तर पळालीस का? आम्ही कपडे घालून बघत होतो, पंख तर तेव्हा लावलेलेही नव्हते!"

मी खाली बघितलं. तिच्या पायांत जाड काळ्या लाकडी तळांच्या सँडल होत्या. टॉक टॉक.

माझ्या जिवात जीव आला. मग तो परत गेला. कारण ती म्हणाली, "आम्ही पाचच तर होतो."

मी पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताचं सहावं. तीनदा थुंकले.

"सहावी!" गारिफालियानंही तीनदा थुंकून घेतलं. "सहावी कोण होती?"

पोलिक्सेनी माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. गाव ऐकत होतं, पण ती हळूच बोलली. "मावशी, आई फक्त तुझंच ऐकेल. लहानपणापासून मला असंच लग्न हवं होतं. तू एक शब्द बोल. एकच."

सूर्य अजून डोक्यावर होता. ती सहावी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मला बाकी काय येतं हो? शिवण येत नाही, गाणं येत नाही, पोळी करपते. बोलणं तेवढं माझं. ते गेलं तर स्तामातीआ म्हणून उरणार काय? दोन कुंड्या आणि गुडघेदुखी.

पण पोर रडत होती. आणि जागा मी सुचवली होती.

मी डोळे मिटले, आसिमो आजीची आठवण काढली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. लग्न झऱ्यावरच करा."

आवाज आला! माझाच!

गारिफालियानं किंकाळी फोडली. "ही स्तामातीआ नाही!"

"अगं, मीच—"

"आमची स्तामातीआ एवढ्यात थांबते होय? ही त्यांनी पाठवलेली आहे! सहावी हीच!"

गाव दोन पावलं मागे सरकलं. लोक माझे पाय बघायला लागले. (एक अनवाणी, फुफाट्यानं काळा झालेला. त्यानं काही मदत झाली नाही.) पाद्री लाम्ब्रोस घसा खाकरून म्हणाले, "बाई, तू स्तामातीआ असशील, तर जे माहीत असण्याचं तुला काहीच कारण नाही, असं काहीतरी सांग."

मग मी सुरू झाले. गारिफालियानं लेकीसाठी 'स्वतःच्या हातानं' विणलेले टेबलक्लॉथ वोलोसच्या दुकानातले आहेत, इथून. फेव्रोनियाबाईंनी मघाशी, फाटकातून दिसणाऱ्या वळणावर बस थांबवून पोपटी ब्लाउज बदलला, इथवर. ("बदलला तो बरंच केलं," गारिफालिया पुटपुटली.) मग उपासाच्या शुक्रवारी पाद्रीबाबांच्या खिडकीतून कसल्या मटणाचा वास—

"पुरे!" पाद्री लाम्ब्रोस ओरडले. "हीच ती! देव साक्षी आहे, हीच ती!"

गारिफालियानं मला मिठी मारली आणि हुंदके देत कानात म्हणाली, "टेबलक्लॉथचं मी तुला बघते." आणि सगळे खाली झऱ्याकडे निघाले.

लग्न असं झालं, की लारिसावाल्यांनीही नावं ठेवली नाहीत. फांद्यांत दिवे लुकलुकले, पोलिक्सेनी पंखांसकट रडली, फोतिस पंखांशिवाय. मी मात्र अपोस्तोलिसची बाही सोडली नव्हती. बुंध्याकडे बघायची हिंमतच नव्हती.

"ये, तुझी सहावी दाखवतो," तो म्हणाला आणि मला ओढत घेऊन गेला. बुंध्याला नेच्यांची चौकट केलेला माणसाएवढा आरसा टेकवला होता. आत एक रुंद बाई, भुवयांत पिठीसाखर, तोंड वासून उभी.

मग मला कोण अडवणार? मी नाचताना बोलले, जेवताना बोलले, बस सुटली तेव्हा तिच्या मागं धावत बोलले. सकाळी उठले तर घशातून नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, घसा बसलाय, आठवडाभर एक शब्दही नको.

दुपारी खिडकीतून बघते, तर अपोस्तोलिस इस्त्रीचा शर्ट घालून झऱ्याकडे निघालेला. हातात ताट, त्यात मध आणि अक्रोड. मागितलेलं मिळालं, की भल्या बायकांना असं ताट ठेवतात. तो रिकामं ताट घेऊन परत आला.

मी खुणेनं विचारलं, 'आठवड्याबद्दल आभार मानून आलास?'

"आभार मानले," तो म्हणाला, "आणि वर्षाचं काही जमतं का, तेही विचारून आलो."