बाळ्याचं उष्टावण

वेणूबाईच्या हातच्या कालवणाला दिघीच्या कोळीवाड्यात आजवर एकाच माणसानं नाही म्हटलं होतं, आणि त्या माणसाशी तिनं कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं. आता दुसऱ्यानं नाही म्हटलं. पंचाईत अशी, की या दुसऱ्याशी बोलणं टाकून चालण्यासारखं नव्हतं, कारण तो तिच्याच ओच्यात झोपायचा आणि त्याला अजून धड उडीही मारता येत नव्हती.

हा दुसरा म्हणजे बाळ्या, पिवळ्या पट्ट्यांचं मांजराचं पिल्लू. त्याची आई सुक्या बोंबलांच्या वासानं मुंबईला निघालेल्या मचव्यावर चढली आणि मचवा सुटला तरी खाली उतरली नाही. जाळ्यांच्या ढिगात कुईकुई करणारं पिल्लू वेणूबाईनं उचललं, शेळीच्या दुधात कापडाचा बोळा भिजवून त्याला पाजलं आणि मरता मरता वाचवलं. तिला मूलबाळ नव्हतं. त्या पिल्लाला ती बाळ्या म्हणू लागली तेव्हा वाड्यातलं कुणी हसलं नाही. वेणूबाईला हसायची कुणाची छाती होती म्हणा!

पण बाळ्याला दात आले. तो दूध प्यायचं सोडून बोळाच चघळू लागला. तिकडं शेळीही आटत चालली. पिल्लाच्या बरगड्या बोटांना लागायला लागल्या तशी वेणूबाईनं पदर खोचला.

"आता ह्याला जेवाय शिकवते," ती नवऱ्याला, गुणाजीला म्हणाली. "दोन दिसांत म्हावरं खाया लागंल, बघा तुमी."

वेणूबाईनं मनावर घेतलं आणि झालं नाही, असं दिघीत आजवर घडलं नव्हतं. भर वाऱ्यात शिडाचा दोर तुटला तेव्हा तो दातात धरून नवऱ्याला सुखरूप किनाऱ्याला आणणारी बाई ती. तिच्या हाताला चवही अशी, की तिच्याकडं जेवलेला माणूस चार दिवस घरच्या जेवणाला नाकं मुरडायचा. तिचा मसाला उन्हाळ्यात कुटला जायचा तेव्हा वाटेनं जाणारा शिंकल्याशिवाय पुढं जात नसे आणि शिंकूनही पुन्हा वास घ्यायला थांबत असे.

तर वेणूबाईनं बाळ्यापुढं बोंबलाचं लालभडक कालवण आणि भात ठेवला. बाळ्यानं हुंगलं. एक शिंक दिली. मग पुढचा पंजा काढून त्यानं ताटलीभोवतीची माती शांतपणे, अगदी मन लावून, ताटलीवर ओढली.

मांजर असं कशावर करतं ते सांगायला नको. गुणाजी पाठ फिरवून जाळं विणायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते.

"हसू नका," वेणूबाई कडाडली. "पोर हाय ते. त्याला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं कोळंबी परतून दिली. बाळ्या दोनदा शिंकला आणि माती ओढली. तिसऱ्या दिवशी जवळ्याची चटणी दिली, तर तो वास आल्याबरोबर कधी न मारलेली उडी मारून थेट माळ्यावर गेला. गुणाजीनं चोरून एक कच्ची मांदेली दिली. बाळ्यानं ती चेंडूसारखी घरभर खेळवली आणि उशाला घेऊन झोपला.

"कच्चं दिलंत?" वेणूबाई म्हणाली. "बंदरावरची भटकी मांजरं कच्चं खात्यात. माझा बाळ्या न्हाय खायचा!"

घोडं कुठं पेंड खातंय हे गुणाजीला चांगलं ठाऊक होतं. पण त्या घरात मिरची या विषयावर बोलायची सोय नव्हती. त्याला कारण होतं वेणूबाईचा थोरला भाऊ भागोजी.

भागोजी खाडीपलीकडच्या आगरदांड्याचा. गलबतावरचा तांडेल, म्हणजे साऱ्या खलाशांचा म्होरक्या, देह दांडगा आणि मिशा त्याहून दांडग्या. वेणूबाईच्या लग्नानंतर तो पहिल्यांदा तिच्याकडं जेवायला आला तेव्हा तिनं जीव ओतून कालवण केलं होतं. त्यानं एक घास घेतला, तांब्याभर पाणी ढोसलं, ताट सरकवलं आणि साऱ्या सासरच्या माणसांदेखत म्हणाला, "वेणू, मिरची जरा कमी घातली असतीस, तर माणसाच्या तोंडात गेलं असतं."

"मंग माणसानं आपल्या घरी जेवावं," वेणूबाई म्हणाली.

भागोजी तसाच उठला. खाडीवरची होडी हाकणारा कान्हा त्याच पंगतीत बसला होता, त्या बिचाऱ्यालाही अर्ध्या जेवणावरून उठून होडी सोडावी लागली. त्यानंतर बहीणभावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. भागोजीच्या गलबताचं शीड वेणूबाई लांबून ओळखायची आणि पाठ फिरवायची. कान्हा दिसला की मात्र विचारायची, "तिकडं समदे बरे हायेत ना?" कोण समदे, ते ती बोलायची नाही आणि कान्हाही विचारायचा नाही.

बाळ्या दिवसभर पडून राहायला लागला तेव्हा शेजारची केसर डोकावली. बोलघेवडी बाई.

"वेणूबाय, उष्टावण केलंस का ह्याचं? न्हाय ना? मंग खाईल कसा गो! पयला घास मामाच्या हातचा लागतो."

ती गमतीनं म्हणाली होती. वेणूबाईनं तिला हात उगारून पिटाळलं. पण मग पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता ती स्वतःशीच म्हणाली, "मामा कुठून आणू रं तुला?"

गुणाजीनं ते ऐकलं. हा माणूस बोलायला थंड, पण डोकं जाग्यावर. आपल्या बायकोला मिरची कमी घाल म्हणायची हिंमत असलेला एकच मर्द या खाडीच्या दोन्ही तीरांवर आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. शिवाय बायकोचे डोळे पाणावलेले त्यानं फारसे कधी पाहिले नव्हते, ते त्याला बघवेनात. तो तडक बंदरावर गेला.

"कान्हा, आगरदांड्याला भागोजीला निरोप दे. म्हणावं, बुधवारी बाळ्याचं उष्टावण हाय. मामाच्या हातच्या घासावाचून अडलंय."

आता कान्हाची एक गोष्ट मोठी वाखाणण्यासारखी होती. निरोप मिळेल तसा पोचवायचा, पदरचा शब्द घालायचा नाही. असा सचोटीचा माणूस मिळणं कठीण. भागोजीनं त्याचे खांदे गदागदा हलवून विचारलं, "बाळ्या? वेणूला मुलगा झाला?" तेव्हा कान्हा म्हणाला, "निरोप एवढाच हाय." बाळ्याला शेपूट आहे, हे काही निरोपात नव्हतं.

बुधवारी सकाळी वेणूबाई मासळी चिरत बसली होती, तर खाडीवरून ताशा ऐकू आला. केसर धावत आली.

"वेणूबाय, कुनाचं तरी वऱ्हाड येतंय गो! होडी भरून मानसं हायेत. पुढं उभा हाय तो तुझा भाऊ दिसतोय!"

गुणाजीच्या हातातलं जाळं गळून पडलं.

"अवो," वेणूबाई सावकाश म्हणाली, "काय केलंत तुमी?"

"निरोप धाडला भागोजीला. उष्टावणाचा."

"कुनाच्या?"

गुणाजीनं कोपऱ्यातल्या टोपलीकडं बोट दाखवलं. टोपलीतून एक पिवळी शेपटी लोंबत होती.

"पर मांजराचं हाय म्हणून सांगितलंत ना?"

गुणाजीनं आठवून पाहिलं. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

इथं दुसरी कुणी असती तर मागच्या दारानं माडांत पळाली असती, किंवा नवऱ्याच्या मागं कोयता घेऊन धावली असती. वेणूबाई एक क्षण खाली बसली. भावाला किती लागेल ते तिला कळत होतं. पोर झाल्याचं ऐकून तो मान विसरून धावत आलाय, आणि दारात येऊन बघणार काय, तर मांजर! आता गेला तर जन्मात परत येणार नाही. मग ती उठली, तिनं चुलीत लाकडं सारली आणि विचारलं, "किती मानसांचं जेवण लागंल?" मला विचाराल तर अशा बाईला दंडवतच घालावा.

भागोजी दारात आला तो डोळे पुसतच. मागं त्याची बायको अनुसूया, तिच्या एका हातात चांदीची वाटी आणि जरीची कुंची, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"कुठं हाय माझा भाचा?" भागोजी गरजला. ताशेवाल्यानं आणखी जोर केला.

वेणूबाईनं टोपली उचलून पुढं ठेवली. अनुसूया कौतुकानं कुंची घेऊन वाकली. आतून आवाज आला, "म्यांव."

ताशा थांबला. भागोजी टोपलीकडं बघतच राहिला. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

"माझी चेष्टा केलीस, वेणू?"

"न्हाय, दादा." वेणूबाईचा आवाज कधी नव्हे तो कापला. "निरोप ह्यांनी धाडला, तो चुकीचा न्हवता, अर्धा होता. मला पोर न्हाय. झालं असतं, तर भांडण असतं तरी मी सोता होडी वल्हवत तुला सांगाया आले असते. हे एवढंच हाय माझं. आन् ते काय खात न्हाय. मरंल आता."

भागोजीनं बहिणीकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं, मग पागोटं काढून ठेवलं.

"पाट मांड," तो म्हणाला. "आलोय तर मामा होऊनच जातो."

मग काय विचारता! केसरनं रांगोळी घातली, निरांजन लावलं, बाळ्याला कुंची घालून मामाच्या मांडीवर बसवलं. लोकांची पोरं खिरीनं उष्टावतात, पण कोळ्याच्या घरचं मांजर, त्याला बोंबील. वेणूबाईनं चांदीची वाटी भरून पुढं ठेवली.

वाटीतला लाल रंग भागोजीनं लगेच ओळखला. त्याच्या कपाळावर घाम आला. गुणाजी आशेनं त्याच्या तोंडाकडं बघत होता. बोल, बाबा, बोल, एकदा म्हण तो शब्द! पण भागोजीनं होडीत बसतानाच शपथ घेतली होती, की आज बहिणीनं वाढलेलं ताट जीव गेला तरी चाटून पुसून खायचं आणि मिरचीचं नाव काढायचं नाही.

त्यानं घास पुढं केला. बाळ्या शिंकला. कुंचीतून पंजा बाहेर काढून भागोजीच्या नव्या धोतरावरच माती ओढल्यासारखा फिरवायला लागला.

वेणूबाईचा चेहरा पडला. तो भागोजीला पाहवेना. "आसं करत्यात होय, येड्या? बघ, मामा कसा खातो," असं म्हणून त्यानं तो घास स्वतःच्या तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या.

"दादा, रडतोस का रं?"

"आनंदानं," भागोजी कसाबसा म्हणाला आणि त्यानं तिसरा घास घेतला.

सगळे त्या मर्दाकडं बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. गुर्रर्र, चप् चप्, गुर्रर्र. बाळ्या मांडीवरून केव्हाच उतरला होता. अनुसूयाचं गाठोडं त्यानं दातांनी ओढून सोडलं होतं आणि केळीच्या पानातल्या कुठल्याशा पांढऱ्या गोळ्यात कान बुडेपर्यंत तोंड घातलं होतं.

"खाल्लं! खाल्लं गो बाय!" केसर ओरडली. ताशेवाल्याला राहवलं नाही, त्यानं एक तोडा वाजवून टाकला.

वेणूबाई मात्र पानाजवळ बसली. तिनं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. उकडलेली मुडदुशी, काटे काढून मऊ भातात कुस्करलेली. आजाऱ्याला देतात तशी.

"ह्यात मिरची न्हाय," ती म्हणाली. घरात तो शब्द इतक्या वर्षांनी उच्चारला गेला, तोही तिच्याच तोंडून. "वहिनी, हे कुनाचं?"

अनुसूयानं नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांचं, वन्सं. तुमच्याकडचं समदं खाऊन झालं, की मागनं पोट थंड करायला. ह्यांना मिरची सोसतच न्हाय."

"तुझं लगीन झाल्यावर मलबाराला गेलो होतो, तवा पोटाचं दुखणं लागलं," भागोजी जमिनीकडं बघत बोलला. "वैदानं मिरची तोडली ती कायमची. गलबतावरचा तांडेल मी, एवढ्या मिशा, साऱ्यांदेखत काय सांगू, की मला लहान पोरासारखं बिनतिखट लागतं? माझ्या पोटाची लाज वाटली, वेणू, म्हणून तुझ्या कालवणाला नाव ठेवलं."

वेणूबाईनं पळी उचलली. भागोजीनं डोळे मिटले.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली. "अरं मेल्या, एवढंच व्हतं? एवढी वर्सं मी तुझ्या शिडाकडं पाठ करून रडले, ती तुझ्या पोटापायी?" आणि पळी टाकून ती भावाच्या गळ्यात पडली. हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक.

मग ती चुलीपाशी बसली. मुडदुशा साफ केल्या, पाणी ठेवलं, आणि सवयीनं तिचा हात मसाल्याच्या बरणीवर गेला. ती थबकली. बरणी उचलून तिनं गुणाजीच्या हातात दिली.

"ही घेऊन भाईर जाऊन बसा," ती म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

गुणाजी बरणी पोटाशी धरून माडाखाली जाऊन बसला. वेणूबाईनं जन्मात पहिल्यांदा बिनमिरचीची मासळी रांधली, काटे काढले, बोटांनी मऊ कुस्करली आणि दोन ठिकाणी वाढली. एक वाटी भाच्याला, एक ताट मामाला. बाळ्यानं हुंगलं. शिंकला नाही, पंजाही काढला नाही, सरळ खायलाच लागला. सगळ्यांच्या नजरा भागोजीकडं वळल्या.

भागोजीनं घास घेतला. चावला. गिळला. जरा विचार केला.

"वेणू," तो म्हणाला, "मीठ थोडं कमी पडलंय."

पंगतीच्या टोकाला बसलेला कान्हा होडीवाला हातातला घास खाली ठेवून मुकाट्यानं होडी सोडायला उठला.

"बस खाली, कान्हा," वेणूबाई म्हणाली. तिनं चिमटीत मीठ घेतलं, भावाच्या ताटात घातलं आणि विचारलं, "आता?"

"आता झ्याक."

पायाशी बाळ्या रिकामी चांदीची वाटी चाटत चाटत घरभर ढकलत होता. वेणूबाई त्याला आणखी वाढायला उठली.